त्याला खाली ठेवायचं नव्हतं

खरं सांगायचं तर या सदरातले अनुभव मी आजवर हसायला म्हणून वाचत आले. कुणाला पिंपळाखाली हाक येते, कुणाला विहिरीत बाई दिसते... मी मुलींच्या शाळेत आरोग्य आणि शास्त्र शिकवते. दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्या आईबापांशी माझं कधी पटलं नाही, आणि मांजर आडवं गेलं म्हणून मी कधी घरी परतले नाही. तेव्हा 'बाई भोळ्या दिसतात' असं कुणी कळवू नये. वाचून झाल्यावर ज्याला काही स्पष्टीकरण सुचेल त्याने मात्र जरूर कळवावं. माझ्यापाशी ते नाही.

घटना सोलापूरची. पंचवीस-सव्वीस सालच्या सुमाराची. तेव्हा आम्ही साखर पेठेत राहत होतो. पुढे ओसरी, मध्ये माजघर, मागे पडवी आणि अंगण, आणि अंगणापलीकडे एक पत्र्याची खोली. शेजारी नर्सव्वाचं घर. ते तेलुगू विणकर, त्यामुळे पहाटेपासून मागाची खटखट. आमच्या घरात आम्ही चौघं – मी, माझे यजमान (ते रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून), माझे मोठे दीर भावजी आणि माझ्या जाऊबाई माई. माई दुधनीच्या. माहेरी कानडी, सासरी मराठी, आणि रागावल्या की दोन्ही.

भावजी एका गिरणीच्या रंगखात्यात केमिस्ट होते. मुंबईला राहून बी.एस्सी. झालेले. माणूस अतिशय हुशार, पण त्या हुशारीला दावं नव्हतं. माईंची दोन बाळंतपणं झाली आणि दोन्ही खेपेला पाळणा रिकामा राहिला. दुसऱ्या खेपेनंतर भावजी फारसं बोलेनासे झाले. एके दिवशी गिरणीतून आले, अंगणापलीकडची खोली स्वतःच्या हातानं झाडली आणि त्या दिवसापासून तिला लॅबोरेटरी म्हणू लागले.

"जीव म्हणजे काय गं इंदू?" मला एकदा विचारलं त्यांनी. मी पाट्यावर चटणी वाटत होते. मी म्हटलं, "मला काय ठाऊक, भावजी." तर म्हणाले, "खळ, मीठ, ऊब आणि थोडी वीज. बाकी सगळं लोकांनी पदरचं घातलंय." मी ते हसण्यावारी नेलं. वेड पांघरून पेडगावला जाणारी माणसं मी पाहिली होती. हे खरोखरच निघालेत हे मला कळलं नाही.

नर्सव्वाकडे सूत ताठ व्हावं म्हणून त्याला पाजायला चिंचोक्याची खळ शिजायची. त्यातली पातेलंभर खळ रोज आमच्याकडे येऊ लागली. नर्सव्वाची समजूत अशी, की भावजी पतंगांचा कारखाना काढताहेत. खळीत ते काय काय घालत – मिठं, ग्लिसरीन, आणि अंड्यातला पांढरा बलक. आमच्या घरात अंडं! ते कळल्यावर माई उंबऱ्याबाहेरूनच चहाचा पेला काठीनं आत सरकवू लागल्या. भावजींनी तेही मनावर घेतलं नाही.

या सगळ्यातून शेवटी एक गोळा तयार झाला. तपकिरी, दीडेक वीत लांब, दोन्ही टोकांना निमुळता. तो पितळी परातीत ठेवलेला, त्याला बॅटरीच्या तारा जोडलेल्या, खाली शेगडीची धग. वर्ष लोटलं तरी तो काही हलला नाही. पेठेत लोक भावजींना 'खुळे केमिस्ट' म्हणू लागले. गिरणीतही कुजबुज सुरू झाली.

मग एक दिवस त्यांनी माईंकडे मऊ सुती काहीतरी मागितलं, गोळ्याची ऊब टिकत नाही म्हणून. माईंनी ट्रंक उघडली आणि एक झबलं नि एक टोपरं काढून दिलं. कुणीच कधी न घातलेलं. दिलं, आणि तिथंच ट्रंकेपाशी बसून राहिल्या. भावजी मात्र 'हं, हे ठीक आहे' म्हणून निघूनही गेले. मला त्यांचा तेव्हा इतका राग आला होता!

त्याच हिवाळ्यात मला मुलगा झाला. माझ्या माहेरी कुणी उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण सासरीच. माईंनी माझं सगळं केलं. न्हाऊ-माखू, शेक-शेगडी... सख्ख्या आईनं केलं नसतं इतकं. त्यांच्या मांडीवर माझं बाळ बघितलं की मला सुख व्हायचं आणि लाजही वाटायची. ज्यांचा पाळणा दोनदा रिकामा राहिला, त्यांनीच माझ्यासाठी पाळणा पुसून बांधला होता.

बारशाचा दिवस. बाळाच्या आधी वरवंट्याला पाळण्यात घालतात हे वाचकांना सांगायला नकोच. त्याला धुऊन, तेल-कुंकू लावून, झबलं-टोपरं घालून पाळण्याच्या खालून-वरून फिरवायचं, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणायचं. बाळ दगडासारखं दणकट व्हावं म्हणून. तर आमचा वरवंटा मी सकाळीच सजवून मागच्या पडवीत ठेवला होता. आणि भावजींनी, ऊन छान पडलंय म्हणून, आपला गोळा झबल्या-टोपऱ्यासकट त्याच पडवीत उन्हाला ठेवला होता. बायका जमल्या. नर्सव्वाला वरवंटा आणायला पाठवलं. तिला पहिलं जे टोपरं दिसलं ते तिनं उचललं. यात तिचं काय चुकलं? मी गेले असते तरी तेच उचललं असतं.

"अय्यो, लई जड हाय माय," एवढंच ती म्हणाली. वरवंटा जडच असतो.

पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहिल्या. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या... या हातातून त्या हातात, खालून वर, वरून खाली. पेठेतल्या झाडून साऱ्या सवाष्णींच्या हातून तो गेला. शेवटी माईंच्या हातात आला आणि माई थांबल्या.

"इंदू, ह्यो गरम हाय की."

"उन्हात होता हो माई," मी म्हटलं.

"उन्हाचं न्हाय गं हे." त्यांनी तो छातीशी धरला. "बघ की. हात लाव."

मी हात लावला. वाचकहो, दगड उन्हात तापला की कातडीला चटका लागतो. हे तसं नव्हतं. झोपलेल्या मुलाच्या पोटावर हात ठेवल्यावर लागते तशी ही ऊब होती. आणि माझा हात वर-खाली होत होता. मी टोपरं मागं सारलं. नाक-डोळे काही नव्हते. नुसता तो तपकिरी गोळा, शांतपणे श्वास घेत असलेला.

बायकांनी एकच ओरडा केला. त्या ओरड्यानं भावजी मागून धावत आले. त्यांनी पाहिलं आणि ते मटकन उंबऱ्यावरच बसले. मला वाटलं होतं, आता हा माणूस नाचेल. पण ते दोन्ही हात वर करून म्हणाले, "हे मी नाही केलं."

दुसऱ्या दिवशी मात्र 'मीच केलं' सुरू झालं. तारा जोडल्या, शेगडी पेटवली, थर्मामीटर लावला. गोळा परातीत ठेवला की हळूहळू गार पडायचा, श्वास मंदावत जायचा. शेगडी कितीही पेटवा, बॅटऱ्या कितीही बदला. मांडीवर घेतला की परत गरम. त्यातही एकाच मांडीवर फार वेळ राहिला की मलूल व्हायचा, आणि दुसरीकडे दिला की एक लहानसा शहारा येऊन ताजातवाना. रडून दमलेलं मूल उचलल्यावर देतं ना तसा शहारा. त्याला खायला-प्यायला काही लागत नव्हतं. फक्त कुणीतरी घ्यायला लागत होतं.

भावजी यावर चिडत. "याला फॉर्म्युला नाही!" असं स्वतःशीच ओरडत. ते त्याला रबरी हातमोजे घालूनच धरत, आणि 'नमुना' म्हणत. नाव ठेवायला सक्त मनाई होती. माई उघड काही म्हणत नसत, पण तांदूळ निवडताना तो मांडीवर असला की कानडीत काहीतरी गुणगुणत. मी एकदा म्हटलं, "माई, जीव नका लावू. खळीचा गोळा आहे तो." त्या म्हणाल्या, "आपल्या गावात सिद्धरामाच्या दंडाचं लगीन लागतंय. सारं गाव अक्षता टाकतंय. अन् मला ह्याचा जीव खोटा म्हणतीस व्हय?"

पुढचे काही आठवडे आमच्या घरात असे गेले, की तसे पुन्हा कधी आले नाहीत. तो सतत कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर असे. मी भाकरी थापायला बसले की माई घेत, माई पाण्याला गेल्या की मी. नर्सव्वा मागावरून उठून येऊन घेऊन जाई आणि "माझ्याजवळ लई हालतो बगा," म्हणून फुशारकी मारी. माझे यजमान मालधक्क्यावरून आले की हात-पाय धुऊन मुकाट्यानं पुढे हात करत. माझं बाळ रडायला लागलं आणि त्याला शेजारी आणलं की बाळ गप्प होई. घर इतकं हसतं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. आणि दमूनही गेलो होतो, हेही खरं आहे. कधी कधी मी माईंकडे देताना मनात 'सुटले बाई' म्हणायची.

मग गड्डा आला. बाहेरच्यांसाठी सांगते – संक्रांतीच्या वेळची सिद्धेश्वराची, म्हणजे माईंच्या सिद्धरामाची जत्रा; त्यातच त्याच्या दंडाचं लग्न लागतं. अक्षतांच्या दिवशी सोलापुरात घरी कुणी थांबत नाही. नेमका त्याच दिवशी भावजींनी मुंबईचा एक प्रोफेसर बोलावला होता, नमुना बघायला. भावजी त्याला आणायला स्टेशनवर निघाले. निघण्याआधी नमुन्याचं वजन करून ठेवावं म्हणून त्यांनी तो माईंकडून मागून घेतला, लॅबोरेटरीत नेला आणि तराजूच्या पारड्यात ठेवला. वजन झालं. मग अंगणातून त्यांनी हाक मारली, "मी निघालो गं! ह्याला घेऊन जा!"

माई माजघरात लुगडं नेसत होत्या. मी पडवीत बाळाचा लंगोट बदलत होते. हाक आम्ही दोघींनी स्वच्छ ऐकली. दोघींनी "हो" म्हटलं. दोन-दोन 'हो' ऐकल्यावर कुठला माणूस मागे वळून बघेल? भावजी गेले. माई शाल लपेटून नर्सव्वाबरोबर पुढे झाल्या. मला वाटलं, शालीखाली तो आहे. मी बाळाला घोंगडीत गुंडाळून यजमानांबरोबर निघाले. माईंना वाटलं, माझ्या घोंगडीत दोघं आहेत.

तळ्याकाठी ही गर्दी. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, देवाच्या त्या उंच काठ्या, हलग्या... अक्षता पडायला लागल्या आणि मला समोर माई दिसल्या. चेहरा इतका उजळलेला! त्या दोन्ही हातांनी अक्षता टाकत होत्या.

दोन्ही हातांनी.

मी गर्दी कापत त्यांच्यापाशी पोचले. माझा चेहरा बघूनच त्यांचे हात खाली आले. "इंदू... तुझ्याकडं हाय न्हवं तो?"

"मला वाटलं, तुमच्याकडे आहे."

आम्ही धावत सुटलो. सगळं गाव देवाकडे चाललेलं आणि आम्ही दोघी उलट्या, लोकांचे धक्के खात, मागून नर्सव्वा आणि बाळाला घेऊन यजमान. रस्त्यात कुणीतरी म्हणालं, "अवो बायांनो, तिकडं कुटं?" घर मला इतकं लांब कधी वाटलं नव्हतं.

तो पारड्यात होता. गार. टोपरं दाराच्या दिशेनं वळलेलं. आणि ज्याला आम्ही कधी स्वतःहून तसूभर सरकलेलं पाहिलं नव्हतं, तो पारड्याच्या अगदी कडेशी आला होता, दाराच्या बाजूला.

माईंनी घेतला. मग मी. मग नर्सव्वा. मग यजमानांनी. आम्ही वेड्यासारखे त्याला या हातातून त्या हातात देत राहिलो, आणि नर्सव्वा रडत रडत ते बारशाचं म्हणत राहिली – कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. तेवढ्यात भावजी प्रोफेसराला घेऊन आले. आम्हाला पाहून त्यांना सगळं कळलं. हातमोजे न घालता त्यांनी त्याला घेतलं – पहिल्यांदाच. सदऱ्याच्या गुंड्या सोडून उघड्या छातीशी धरलं आणि भिंतीशी बसले. बराच वेळ बसले. प्रोफेसर बिचारे उभेच.

शेवटी प्रोफेसरांनी तो हलकेच काढून घेतला, उजेडात धरला, चाकूनं ओरखडा काढून पाहिला. चाकूचं टोक मोडलं. "हा वरवंटा आहे," ते म्हणाले. "चांगला काळा पाषाण." त्यांनी चहा घेतला, भावजींच्या खांद्यावर हात ठेवून 'विश्रांती घ्या' म्हणाले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. तुमच्याही मनात तेच आलं असेल – कुणी अदलाबदल केली. मीही आधी तेच पाहिलं. आमचा वरवंटा स्वयंपाकघरात पाट्यावर होता. दोन वरवंटे आमच्या घरात कधीच नव्हते. आणि खळ वाळून कडक होते हे मलाही कळतं, पण खळीचा पाषाण होत नाही.

भावजींनी खोली रिकामी केली. बाटल्या विकल्या. पुढे जगले तेवढी वर्षं ते कधी गड्ड्याला गेले नाहीत. एकदाच त्यांनी तो विषय काढला. म्हणाले, "इंदू, तो जीव मी केलाच नव्हता. तो तुम्ही बायकांनी केलात. मी फक्त त्याला खाली ठेवलं." मला म्हणावंसं वाटलं, की 'हो' आम्हीही म्हटलं होतं. ते मी कधीच म्हटलं नाही, आणि ते ओझं घेऊनच भावजी गेले.

माईंनी मात्र त्याला कुणाला नेऊ दिलं नाही. त्या गार दगडाला मांडीवर घेऊन त्या तांदूळ निवडत, वाती वळत, दुपारी कुशीत घेऊन पडत. पुढे आम्ही बदली होऊन कुर्डुवाडीला आलो. बदली मागून घेतली होती म्हटलं तरी चालेल. मला ते दृश्य बघवत नसे.

गेल्या महिन्यात माईंचं बोलावणं आलं. मी गेले तेव्हा दुपारचं ऊन माजघरात आलं होतं. ताप अंगात मावत नव्हता. मला बघून त्या हसल्या आणि पांघरुणाखालून त्यांनी तो काढला. तेच टोपरं, विरून जाळी झालेलं. "तगो," त्या म्हणाल्या. कानडीत 'घे'. मी हात पुढे केले, पण त्या सोडेनात. परत म्हणाल्या, "तगो, इंदू. तगोंडी काय? घेतलास?" मी म्हटलं, "घेतला, माई." तेव्हा त्यांची बोटं सुटली. संध्याकाळ व्हायच्या आत त्या गेल्या.

तो गरम होता. असणारच – तापाच्या अंगाशी होता. मी स्वतःला हेच सांगितलं. त्यांना नेलं तेव्हा तो माझ्या पदराखाली होता. कुर्डुवाडीच्या गाडीत तो माझ्या मांडीवर होता. आज इतके दिवस झाले, तो गरमच आहे. माझ्या अंगाची ऊब असेल. दगड ऊब धरून ठेवतो, मीच मुलींना शिकवते. श्वास? नाही, तसं काही मी ठामपणे सांगणार नाही. आपलीच नाडी आपल्याला हाताला लागते. मी काही म्हणत नाही.

शास्त्र शिकवणारी बाई काय करील, हे मला ठाऊक आहे. त्याला टेबलावर ठेवील, थोडा वेळ बाहेर जाईल आणि परत येऊन हात लावून बघेल. इतका सोपा एक्स्पेरिमेंट. माझे यजमानही म्हणाले, एकदा करून बघ, मनाची शंका जाईल. पण तो एकदा झालेला आहे आमच्या घरी. आणि म्हणून या सगळ्याचं स्पष्टीकरण मला आजही मिळालेलं नाही, आणि बहुतेक मिळणारही नाही. मला ते नको आहे.

हे सगळं मी एका हातानं लिहिलंय, तेव्हा अक्षराबद्दल संपादकांनी माफ करावं. आत्ताच माझा मुलगा कॉलेजातून आला. ज्याच्या बारशाला हे घडलं तोच. त्याला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तो आला, माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, दे तो इकडे, तू नीट लिही." आणि हात पुढे केले.

मी लगेच दिला नाही. आधी विचारलं, "घेतलास?"

"हो गं."

"नुसतं हो म्हणू नकोस. घेतलास?"

त्यानं त्याला दोन्ही हातांत नीट धरलं, छातीशी घेतलं. "घेतला, आई."

मगच मी हात सोडला.